मुलांसाठी एमडब्ल्यूपी पॉलिसी: सही करायच्या आधी काय काय ठरवायचं

"टर्म प्लॅन आहे, नॉमिनी बायको आहे, म्हणजे मुलांचं झालं." टर्म प्लॅन म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर पैसे देणारा साधा विमा. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी असं म्हटलं की मी आधी पॉलिसीचं पहिलं पान उघडायला लावतो. त्या पानावर एमडब्ल्यूपी, म्हणजे मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ऍक्ट, असं कुठेच लिहिलेलं नसतं. का नाही विचारलं तर उत्तर येतं, ते नंतर करून घेऊ, एजंट म्हणालाय होतं म्हणून. नाही होत. पॉलिसी इश्यू झाली की ते दार बंद.

प्रकार काय आहे ते आधी थोडक्यात. मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ऍक्ट म्हणून १८७४ चा कायदा आहे, त्याचं सेक्शन ६. लग्न झालेल्या पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी घेतली आणि ती बायकोच्या, मुलांच्या किंवा त्यांच्यापैकी कुणाच्या फायद्यासाठी आहे असं पॉलिसीवरच लिहिलेलं असलं, की ती पॉलिसी आपोआप ट्रस्ट होते, म्हणजे तिचे पैसे त्यांच्यासाठी राखलेले. वेगळं डीड म्हणजे ट्रस्टचा दस्त नको, स्टॅम्प पेपर नको, रजिस्ट्रेशन नको. ते पैसे तुमच्या इस्टेटीत धरले जात नाहीत, ज्यांचं तुम्ही देणं लागता त्यांना म्हणजे बँक धरून सगळ्या घेणेकऱ्यांना त्याला हात लावता येत नाही, आणि तुम्हालाही लावता येत नाही. हा शेवटचा भाग लोक वाचत नाहीत आणि तिथूनच निम्मे घोळ सुरू होतात.

उरलेले निम्मे घोळ क्रम उलटा केल्यामुळे होतात. माणूस आठवडाभर प्रीमियम कंपेअर करतो, क्लेम रेशो बघतो, रायडर लावू की नको यावर डोकं घालवतो आणि पैसे कुणाला मिळणार, ते हातात कोण घेणार हा प्रश्न रात्री साडेअकराला ओटीपी आलेला असताना दोन मिनिटांत उरकतो. खालचे टप्पे म्हणून मुद्दाम उलट्या बाजूने लावलेत. आधी माणसं ठरवायची, कंपनी नंतर.

टप्पा १: तुम्हाला हे लागू होतं का

कायद्यात शब्द "मॅरीड मॅन" असे आहेत. म्हणजे लग्न झालेला पुरुष, आणि पॉलिसी त्याच्या स्वतःच्या आयुष्यावर. विधुर किंवा घटस्फोटित असाल तर मुलांसाठी कंपन्या असा अर्ज घेतात. लग्न ठरलंय पण झालं नाही, तर थांबा. धर्म कुठलाही चालतो.

ज्यांच्या नावाने करता येतं ते फक्त बायको आणि मुलं, दत्तक मूल धरून. आईवडील, बहीण, भाचा यात बसत नाहीत. आईसाठी काही ठेवायचं असेल तर वेगळी साधी पॉलिसी घ्या आणि तिला तिथे नॉमिनी करा, एकाच पॉलिसीत सगळ्यांना कोंबू नका.

आणि मुलांची आई स्वतः कमावती आहे, तिला तिच्या टर्म प्लॅनचे पैसे मुलांसाठी ट्रस्टमध्ये ठेवायचेत, तर? सेक्शन ६ तिला मिळत नाही. कायद्याच्या नावात बायका आहेत आणि ही सोय फक्त नवऱ्याला, हे विचित्र आहे खरं, पण आहे तसं आहे. तिचा रस्ता टप्पा ९ मध्ये आहे.

> तपासा: पॉलिसी ऑफिसच्या ग्रुप इन्शुरन्सची आहे का, कंपनीने तुमच्या नावावर काढलेली कीमॅन पॉलिसी आहे का? तर ती यात येत नाही. तुम्ही स्वतः काढलेली, स्वतःच्या आयुष्यावरची हवी.

टप्पा २: कुणाला, किती

कागद घ्या, फोनवर नको. डावीकडे नावं, उजवीकडे टक्के. इथे घाई करायची नाही कारण पॉलिसी निघाल्यावर बेनिफिशियरी, म्हणजे ज्यांच्या फायद्यासाठी ती आहे ती माणसं, बदलता येत नाहीत. नॉमिनी कितीही वेळा बदलता येतो, बेनिफिशियरी नाही. लोक दोन्ही एकच समजतात आणि "बघू नंतर" म्हणून काहीतरी भरून टाकतात.

तीन गोष्टी इथेच ठरवून टाका.

पहिली, बायको आणि मुलं दोन्ही, की फक्त मुलं. कायदा "त्यांच्यापैकी कुणीही" म्हणतो म्हणजे फक्त मुलांच्या नावानेही चालतं. नाव घालून बायकोला बेनिफिशियरी केलं आणि पुढे घटस्फोट झाला तर तिचा हिस्सा तुमच्या मर्जीने काढता येत नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, घरात बोलायला तर त्याहून नाही, पण ज्याचा हेतू मुलांचं शिक्षण एवढाच आहे त्याने मुलांसाठी एक पॉलिसी आणि बायकोसाठी दुसरी असं वेगळं करावं. प्रीमियममध्ये फार फरक पडत नाही आणि उद्या काहीही झालं तरी दोन्ही ट्रस्ट एकमेकांच्या पायात येत नाहीत.

दुसरी, नावं घालायची की "माझी मुलं" असा गट लिहायचा. फक्त नावं घातली तर नंतर जन्मलेलं मूल बाहेर राहतं. माझंच सांगतो. मोठी दोन वर्षांची असताना पॉलिसी काढली, बायको आणि मोठी, पन्नास-पन्नास, एकदम सुटसुटीत. तीन वर्षांनी धाकटी झाली. मी कंपनीला मेल टाकला की हिचं नाव ऍड करा, सोबत जन्मदाखला जोडला, आणि दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं की बेनिफिशियरीत बदल होत नाही. धाकटीसाठी मग वेगळी पॉलिसी काढावी लागली, वय वाढलेलं, मेडिकल पुन्हा, प्रीमियम जास्त. अजून मूल होऊ शकतं अशी शक्यता असेल तर गट म्हणून लिहायला कंपनी देते का ते आधी विचारा. देत नसेल तर आत्ता एकदम मोठी रक्कम एका पॉलिसीत न टाकता थोडं पुढच्यासाठी राखून ठेवा.

तिसरी, एखादा बेनिफिशियरी तुमच्या आधी गेला तर त्याचा हिस्सा कुठे जाणार. फॉर्मवर कधी "ठरलेल्या हिश्श्याप्रमाणे" असतं, कधी "एकत्रित किंवा जे हयात असतील त्यांना" असतं. ठरलेला हिस्सा असला तर तो त्या व्यक्तीच्या वारसांकडे जाऊ शकतो. "हयात असतील त्यांना" असलं तर उरलेल्यांत वाटला जातो. लहान मुलं असलेल्या घरात मला दुसरं जास्त बरं वाटतं, पण दोन मुलांच्या गरजा अगदी वेगळ्या असतील, एखाद्याला आयुष्यभर आधार लागणार असेल, तर टक्के ठरवूनच द्या.

> सावधान: टक्क्यांची बेरीज शंभरच आली पाहिजे. ३३, ३३, ३३ असं लिहून फॉर्म परत आलेले मी बघितलेत, एक टक्का कुणाचा म्हणून. ३४, ३३, ३३ लिहा आणि ज्याला ३४ दिलेत त्याच्यावरून घरात भांडण होणार असेल तर बायकोला ५० आणि दोन मुलांना २५, २५ करा.

टप्पा ३: ट्रस्टी

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच आणि सगळ्यात कमी विचार इथेच होतो. क्लेमचे पैसे ट्रस्टीच्या हातात येतात आणि तो ते मुलांसाठी सांभाळतो. ट्रस्टी नेमलाच नाही तर कायद्याप्रमाणे पैसे राज्याच्या ऑफिशियल ट्रस्टीकडे जातात, ते सरकारी ऑफिस आहे, तिथून मग घरच्यांनी अर्ज, कागद, फेऱ्या. पैसे बुडत नाहीत पण ज्या महिन्यात शाळेची फी भरायचीय त्या महिन्यात ते हातात नसतात.

कोण असावा. सज्ञान, करार करू शकणारा, आणि शक्यतो तुमच्याहून वयाने लहान किंवा बरोबरीचा. वडिलांना ट्रस्टी करणारे खूप भेटतात. वडील अडुसष्ट, पॉलिसी तीस वर्षांची. हिशोब तुम्हीच करा. भाऊ, मेव्हणा, मुलांचा मामा, बायकोची बहीण, जवळचा मित्र कुणीही चालतो, नातं लागत नाही. बायको स्वतः ट्रस्टी असू शकते, ती बेनिफिशियरी असली तरी. बहुतेक घरांत तीच सगळ्यात चांगली ट्रस्टी असते, कारण फी कुठल्या तारखेला भरायची आणि दातांना ब्रेसेस कधी लावायचे हे तिलाच माहीत असतं. फक्त एक अडचण, तुम्ही दोघं एकाच गाडीत असलात तर. म्हणून तिच्याबरोबर किंवा तिच्यानंतर दुसरं नाव हवं.

दोन ट्रस्टी नेमले तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सहट्रस्टींनी कामं मिळून करायची असतात, म्हणजे क्लेम फॉर्मवर दोघांच्या सह्या लागणार. एक पुण्यात आणि एक न्यू जर्सीत असेल तर प्रत्येक सहीला कुरियर आणि नोटरी. दोन चालतात, तीन नको.

बँकेची किंवा ट्रस्टी कंपनीची सेवाही घेता येते. फी लागते. नातेवाइकांत कुणावरच भरवसा नसेल किंवा रक्कम मोठी असेल तर ती फी महाग नाही.

दिलासा एवढाच की बेनिफिशियरी बदलत नसले तरी ट्रस्टी नंतर बदलता येतो, कंपनीचा फॉर्म असतो त्यासाठी. त्यामुळे परफेक्ट माणूस मिळेपर्यंत पॉलिसी अडवून धरू नका, बरा माणूस टाका आणि पुढे सुधारा.

आता एक भाग जो एजंट कधी सांगत नाही. हा ट्रस्ट अगदी साधा असतो, पैसे कसे खर्च करायचे याच्या सूचना त्यात नसतात. वेगळ्या सूचना नसतील तर इंडियन ट्रस्ट्स ऍक्ट १८८२ चं सेक्शन ४१ बघावं लागतं, त्यानुसार अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाच्या पालनपोषणाला आणि शिक्षणाला ट्रस्टीला त्या पैशांचं उत्पन्न वापरता येतं, ते पुरत नसेल आणि मुद्दलाला हात लावायचा असेल तर दिवाणी कोर्टाची परवानगी लागते. आणि त्याच कायद्याच्या सेक्शन ५६ प्रमाणे एकटाच बेनिफिशियरी असेल आणि तो सज्ञान झाला, किंवा अनेक असतील आणि सगळे सज्ञान होऊन एकमताने म्हणाले, की आमचे पैसे आम्हाला द्या, तर ट्रस्टीला द्यावे लागतात. म्हणजे अठराव्या वर्षी. तुमच्या डोक्यात "पंचवीसनंतरच" असेल तर ते नुसत्या एमडब्ल्यूपीच्या फॉर्मने होणार नाही.

> तपासा: ट्रस्टीला फोन करून विचारलंय का? सही घेताना "अरे इथे एक सही कर" एवढंच सांगितलंय, असं असेल तर तो ट्रस्टी नाही, साक्षीदार आहे. त्याला पॉलिसी नंबर, रक्कम आणि कागद कुठल्या कपाटात आहे हे माहीत पाहिजे.

टप्पा ४: कुठली पॉलिसी

इथे मी थोडक्यात उरकतो कारण यावर नेटवर ढीगभर लिहिलंय. एमडब्ल्यूपीसाठी साधा टर्म प्लॅन. का, ते सांगतो.

एंडोमेंट, मनीबॅक, युलिप किंवा प्रीमियम परत देणारा टर्म प्लॅन एमडब्ल्यूपीखाली घेतला तर मॅच्युरिटीचे पैसेही ट्रस्टचे. साठाव्या वर्षी मॅच्युरिटी येईल, त्यात रिटायरमेंट काढू असा बेत करून बसलेला माणूस मग कंपनीत जाऊन भांडतो की प्रीमियम मी भरला. भरला, पण पॉलिसी मुलांची. सरेंडर केली तरी पैसे त्यांचेच आणि त्यांच्या संमतीशिवाय सरेंडरही होत नाही. पॉलिसीवर कर्ज नाही. असाइनमेंट, म्हणजे पॉलिसी दुसऱ्याच्या नावे करून देणं, नाही.

हा असाइनमेंटचा मुद्दा होमलोनवाल्यांनी नीट वाचा. बँक लोनसाठी पॉलिसी असाइन करून मागते. एमडब्ल्यूपी पॉलिसी तुम्हाला अशी देता येत नाही कारण ती तुमची नाहीच. लोनसाठी लागणारं कव्हर वेगळ्या साध्या पॉलिसीत ठेवा, मुलांचं वेगळ्या. दोन्ही एकत्र करायला गेलात की एक तरी फसतं.

प्लॅनमध्ये क्लेमचे थोडे पैसे एकरकमी आणि थोडे दरमहा असा पर्याय असेल तर बघा. ट्रस्टीच्या हातात एकदम एक कोटी येण्यापेक्षा काही रक्कम आणि पुढे दरमहा, हे अनेक घरांत जास्त नीट चालतं, विशेषतः ट्रस्टीला पैसे गुंतवायची सवय नसेल तर.

> सावधान: धंदा अडचणीत आल्यावर, नोटिसा यायला लागल्यावर ही पॉलिसी घ्यायची आणि घेणेकऱ्यांना चुकवायचं, असा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका. सेक्शन ६ मध्येच लिहिलंय की घेणेकऱ्यांना फसवायच्या हेतूने काढलेल्या पॉलिसीतून त्यांचा वसुलीचा हक्क जात नाही. पर्सनल गॅरंटी द्यायच्या आधी, सगळं सुरळीत असताना घ्यायची असते ती.

टप्पा ५: कागद आणि नावं

मुद्दा फक्त नावांचा आहे पण आपल्याकडे नावांनीच जीव जातो. बायकोचं आधार सासरच्या नावाने, पॅन माहेरच्या नावाने, बँक खात्यात मधलं नाव वडिलांचं. मुलीच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी कारण तेव्हा बारसं झालं नव्हतं आणि नंतर महापालिकेत कुणी गेलंच नाही. शाळेत आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं.

पॉलिसीवर जे नाव छापलं जाईल त्याच नावाच्या माणसाला पुढे वीस वर्षांनी सिद्ध करावं लागेल की तो मीच. म्हणून फॉर्म भरायच्या आधी हे एवढं करा:

१. प्रत्येक बेनिफिशियरी आणि ट्रस्टीचं आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा एका फोल्डरमध्ये गोळा करा.
२. नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा, मग पॉलिसी. पंधरावीस दिवस गेले तर गेले.
३. मुलाच्या जन्मदाखल्यावर नाव नसेल तर ते घालून घ्या.
४. ट्रस्टीचा पत्ता आणि मोबाइल तोच द्या जो पुढे बदलणार नाही, ऑफिसचा मेल आयडी देऊ नका.

टप्पा ६: प्रपोजल, म्हणजे पॉलिसीचा अर्ज, भरताना

आता कुठे कंपनीच्या साइटवर जायचं किंवा एजंटला बोलवायचं.

ऑनलाइन फॉर्ममध्ये कुठेतरी मधेच एक प्रश्न असतो, पॉलिसी एमडब्ल्यूपी ऍक्टखाली घ्यायची आहे का, हो किंवा नाही. कधी तो नॉमिनीच्या पानावर असतो, कधी त्याच्या आधी. पुष्कळदा "नाही" आधीच निवडलेलं असतं. एजंट फॉर्म भरत असेल तर तो बहुतेक वेळा "नाही" करूनच पुढे जातो, कारण "हो" केलं की एक जादा फॉर्म, ट्रस्टीच्या सह्या, केवायसी, त्याचे दोन दिवस जातात. त्याचा मोबाइल किंवा टॅब हातात घ्या आणि ते पान स्वतः बघा.

"हो" केल्यावर एमडब्ल्यूपीचा वेगळा फॉर्म किंवा ऍडेन्डम म्हणजे पुरवणी येते. त्यात बेनिफिशियरी, त्यांचं तुमच्याशी नातं, टक्के, ट्रस्टीची माहिती, तुमची सही, ट्रस्टीची सही, साक्षीदार. हा फॉर्म प्रपोजलबरोबरच गेला पाहिजे. नंतर पाठवतो म्हणून पुढे गेलात आणि तेवढ्यात पॉलिसी इश्यू झाली तर ती साधी पॉलिसी म्हणून निघते. फॉर्म गेल्याची पोच, मेलची असो की अपलोडचा स्क्रीनशॉट, ठेवून द्या.

नॉमिनीचा रकाना इथे रिकामा राहतो किंवा येतच नाही. घाबरू नका. इन्शुरन्स ऍक्ट १९३८ च्या सेक्शन ३९ ची नॉमिनेशनची तरतूद एमडब्ल्यूपी पॉलिसीला लागू नसते, तिथे बेनिफिशियरी आणि ट्रस्टी हेच. काही लोक दोन्हीकडे नावं भरायचा हट्ट धरतात आणि कंपनीकडून क्वेरी येते, मग तो फॉर्म आठवडाभर अडकतो.

आरोग्याचे प्रश्न खरे भरा. सिगारेट, साखर, आधीची सर्जरी, घरातला हार्टचा इतिहास, सगळं. ट्रस्ट केला म्हणजे क्लेम पक्का असा गैरसमज आहे. माहिती लपवली असेल तर कंपनीला इन्शुरन्स ऍक्टच्या सेक्शन ४५ खाली पहिल्या तीन वर्षांत पॉलिसीला आव्हान देता येतं आणि तेव्हा ट्रस्टीकडे सांभाळायला काहीच नसतं.

प्रीमियम स्वतःच्या खात्यातून भरा, फर्मच्या किंवा भावाच्या खात्यातून नको. पुढे कुणी विचारलं की पैसे कुणाचे तर उत्तर एका ओळीत देता आलं पाहिजे.

> तपासा, पैसे भरायच्या आधी: प्रपोजलच्या पीडीएफमध्ये एमडब्ल्यूपीसमोर "हो" छापलंय? बेनिफिशियरींची नावं आहेत? टक्के शंभर होतात? ट्रस्टीचं नाव आहे? चारपैकी एक जरी नसेल तर पेमेंटचं पान बंद करा.

टप्पा ७: पॉलिसी हातात आल्यावरचे ३० दिवस

पॉलिसी डॉक्युमेंट मिळाल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक असतो. या मुदतीत नको असेल तर परत करता येते, मेडिकल, स्टॅम्प ड्यूटी आणि झालेल्या दिवसांचं कव्हर यांचे पैसे कापून बाकी परत मिळतात. चूक सुधारायची शेवटची खिडकी हीच आहे आणि लोक या ३० दिवसांत पीडीएफ उघडतसुद्धा नाहीत, व्हॉट्सऍपवर आली, थम्स अप दिला, विषय संपला.

उघडा. पहिल्या दोनतीन पानांत पॉलिसी शेड्यूल असतं. त्यावर एमडब्ल्यूपी ऍक्टचा उल्लेख किंवा शिक्का आणि बेनिफिशियरींची नावं हवीत. कायद्यात "पॉलिसीच्या दर्शनी भागावर नमूद" असा अर्थ आहे, तेव्हा तुम्ही फॉर्म भरला होता, ऍडेन्डम पाठवलं होतं, एजंटला सांगितलं होतं, यातलं काही कामाचं नाही. तिथे छापलेलं नसेल तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. इतक्या दिवसांत दुरुस्त करून द्या नाहीतर फ्री लूकखाली परत घ्या, असं सरळ लिहा. अठ्ठाविसाव्या दिवशी मेल टाकून सुट्टीवर जाऊ नका.

एक चूक इथे सावधपणे टाळायची. जुनी पॉलिसी बंद करून ही घेताय ना, तर नवी हातात येऊन शेड्यूल तपासून होईपर्यंत जुनीचा प्रीमियम चालू ठेवा. मेडिकलमध्ये काही निघालं आणि नवी नाकारली गेली, तर दोन्ही नाहीत असं व्हायचं.

टप्पा ८: पुढची वर्षं

ट्रस्ट आहे म्हणून पॉलिसी आपोआप चालत नाही. प्रीमियम चुकला, ग्रेस पिरीयड गेला, मासिक असेल तर १५ दिवस आणि बाकी हप्त्यांना ३० दिवस, की पॉलिसी लॅप्स, म्हणजे बंद. मुलांचा हक्क आहे म्हणून कंपनी थांबत नाही. खात्यातून ऑटो डेबिट लावा आणि ते खातं नोकरी बदलली तरी चालू राहील असं निवडा, सॅलरी खातं नको.

ट्रस्टीसाठी एक साधं पत्र लिहून ठेवा. कायद्याने बांधील नसतं ते, पण रिकाम्या हातांनी बसलेल्या ट्रस्टीला दिशा मिळते. माझ्या पत्रात एवढंच आहे: आधी घरातलं देणं असेल तर यातून भरू नकोस, हे पैसे त्यासाठी नाहीत, शिक्षण आणि औषधपाणी पहिलं, मुदत ठेवीत ठेव आणि कुणी कितीही म्हटलं तरी नातेवाइकांना उसने देऊ नकोस. शेवटची ओळ बायकोने घालायला लावली. मी आधी हसलो, मग कोण कोण येऊन बसेल ते आठवलं आणि ती ठेवली.

ट्रस्टी परदेशी गेला, आजारी पडला, वारला किंवा तुमचं त्याच्याशी वाजलं, तर लगेच बदलाचा फॉर्म भरा. पाच वर्षांनी आठवून काय उपयोग. मी दरवर्षी प्रीमियमच्या महिन्यात ट्रस्टीला एक फोन करतो, पॉलिसी चालू आहे, कागद तिथेच आहेत. दोन मिनिटांचं काम.

क्लेमच्या वेळी ट्रस्टीला लागतं ते हे: मृत्यूचा दाखला, पॉलिसी, क्लेम फॉर्म, स्वतःची केवायसी, बँकेचे डिटेल्स, आणि मृत्यू अपघाती असेल तर एफआयआर आणि पोस्टमॉर्टेम. पैसे आल्यावर ते ट्रस्टीने स्वतःच्या रोजच्या खात्यात मिसळू द्यायचे नाहीत, वेगळं खातं काढून पहिल्या दिवसापासून जमाखर्च लिहायचा. हे पत्रातच लिहून ठेवा, त्या दिवशी कुणाला सुचणार नाही.

टप्पा ९: साधी पॉलिसी आधीच काढलेली आहे, किंवा पॉलिसी आईची आहे

चालू पॉलिसीचं एमडब्ल्यूपीत रूपांतर होत नाही. कुणी करून देतो म्हणाला तर तो नॉमिनीच बदलणार आहे, बाकी काही नाही. रस्ते तीन आहेत.

वय आणि तब्येत साथ देत असेल तर नवी पॉलिसी एमडब्ल्यूपीखाली, आणि जुनी लोनसाठी किंवा आईवडिलांसाठी राहू द्या. बहुतेकांना हेच परवडतं.

दुसरा रस्ता, इंडियन ट्रस्ट्स ऍक्टखाली खासगी ट्रस्ट करायचा आणि इन्शुरन्स ऍक्टच्या सेक्शन ३८ खाली जुनी पॉलिसी त्या ट्रस्टींच्या नावे असाइन करायची. कमावत्या आईसाठीही हाच रस्ता, आणि ज्यांना मुलांना पैसे वयाच्या पंचविशीनंतरच किंवा टप्प्याटप्प्याने द्यायचेत त्यांच्यासाठीही. यात डीड असतं म्हणून सूचना हव्या तशा घालता येतात. पण क्रम पाळा: आधी डीड वकिलाकडून, मग ट्रस्टचं पॅन आणि बँक खातं, मग असाइनमेंटची नोटीस कंपनीला, आणि कंपनीने नोंद केल्याचं पत्र हातात आल्यावरच काम झालं म्हणायचं. असाइनमेंट झाली की आधीचं नॉमिनेशन जातं, हेही घरी सांगून ठेवा. डीड स्वतः नेटवरून उतरवून घेऊ नका, सेक्शन ५६ चा जो मुद्दा वर आला तो नीट हाताळला नाही तर पंचवीसची अट कागदावरच राहते.

तिसरा रस्ता, काहीच जमत नसेल तर निदान नॉमिनी नीट करा. मूल अज्ञान असेल तर नॉमिनीबरोबर अपॉइंटी, म्हणजे मुलाच्या वतीने पैसे घेणारा सज्ञान माणूस, नेमावा लागतो, तो रकाना पुष्कळांचा रिकामा असतो किंवा त्यात वारलेल्या आजोबांचं नाव असतं. हे आज रात्रीसुद्धा कंपनीच्या ऍपमध्ये बघता येतं. बघा आणि कुणाचं नाव आहे ते आधी बायकोला दाखवा.